व्हॅक्युम गेला तर?

शकुंतला रेल्वेविषयी लिहिणारे तिच्या संथ चालीतच रमतात. ती थांबायची कशी, हे सहसा कोणी सांगत नाही. तिच्यातलं खरं कौशल्य तर तिथेच होतं.

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला जाणारी ही 76 किलोमीटरची नॅरोगेज लाइन. दुसरी लाइन यवतमाळला. दोन्ही टाकल्या वऱ्हाडच्या कापसासाठी. मालकी किलिक-निक्सन या कंपनीने 1910 मध्ये काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन इथे 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. आता गाडीच बंद आहे; ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अचलपूरकरांनी आंदोलनं केली आहेत.

शकुंतलेचा ब्रेक व्हॅक्युमचा होता. इंजिनातला इजेक्टर वाफेच्या झोताने गाडीभर फिरवलेल्या पाइपातली हवा ओढून घेतो. डब्याखालच्या सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या वर आणि खाली सारखाच व्हॅक्युम असला की दट्ट्या आपल्या वजनाने खाली बसतो आणि ब्रेक सुटलेले राहतात. ड्रायव्हरने पाइपात हवा सोडली की ती दट्ट्याखाली शिरते. वरचा व्हॅक्युम मात्र कोंडलेलाच. दट्ट्या वर ढकलला जातो, ठोकळे चाकांना भिडतात. गार्डने झडप उघडो, कोणी साखळी ओढो, की दोन डब्यांमधला हौसपाइप तुटो, गाडी थांबणारच.

या रचनेची किंमत माणसांनी मोजली आहे. आयर्लंडमधल्या आर्माजवळ 12 जून 1889 रोजी सहलीची एक गाडी चढावर अडकली आणि तिचे मागचे डबे सोडवले गेले. तिथला ब्रेक उलट्या रीतीचा होता: व्हॅक्युम असेल तरच लागणारा. पाइप सुटला तसा ब्रेकही गेला. डबे उतारावरून घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जण गेले, त्यांत कितीतरी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

तोच धडा पुढे एका स्पोर्ट्सकारने गिरवला. 1962 मध्ये आलेल्या लोटस एलानचे हेडलाइट बॉनेटमध्ये मिटायचे, आणि इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम ते उचलून धरायचा. गळती झाली की दिवे भर रात्री मिटू लागत. नंतरच्या एलानमध्ये लोटसने रचना उलटवली: स्प्रिंग दिवे वर करते, व्हॅक्युम त्यांना खाली धरून ठेवतो. आता बिघाड झाला तर दिवे दिवसाढवळ्या डोळे वटारून उभे राहतात. दिसतं विचित्र, पण अंधारात रस्ता दिसतो. बिघाड होणार हे धरून केलेली रचना ती हीच.

अशा दिव्यांची गळती शोधायची ती एकेक भाग वेगळा करून. हातपंप आणि गेज लावायचा, एकेक नळी बंद करायची आणि काटा कुठे स्थिरावतो ते बघायचं. आधी तडकलेल्या रबरी नळ्या, मग हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, मग दिवे हलवणारा डबा. नवख्याला न सुचणारी जागा म्हणजे चासीची पुढची आडवी तुळई. ती पोकळ असल्याने लोटसने तिलाच व्हॅक्युमची टाकी केलं. तिला गंजून बारीक छिद्र पडलं की नळ्या कितीही बदलल्या तरी काटा टिकत नाही.

व्हॅक्युम ब्रेकच्या रेल्वेत गळतीचा संशय आधी हौसपाइपच्या जोडावरच्या रबरी वॉशरवर जायचा, मग सिलिंडरच्या रिंगवर. इंजिनापाशी गेज कितीही चांगला दिसला तरी तेवढ्याने भागत नसे. गाडी सुटण्यापूर्वी अगदी मागच्या ब्रेकव्हॅनमधला काटा गार्ड तपासायचा.