साडेतीन फुटांची भिंत

वर्ध्याच्या आमच्या जुन्या घरापुढे अंगण होतं आणि अंगणाला साडेतीन फुटांची विटांची भिंत. 1981 साली बाबांनी ती बांधून घेतली ती गल्लीतल्या गाई आत शिरू नयेत म्हणून. गाई फाटकातून यायच्या त्या येतच राहिल्या. भिंतीचा खरा उपयोग पुढची चाळीस वर्षं आमच्या कुत्र्यांनी केला. कोणतं कुत्रं किती पाण्यात आहे, ते त्या भिंतीपाशी कळायचं.

पहिला मोत्या. गावठी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. भिंत ओलांडण्याची त्याची स्वतःची पद्धत होती. चार पावलं मागे जायचं, मागचे पाय पोटाखाली घ्यायचे आणि झेप. सरळ पलीकडे मात्र कधी नाही. आधी चारही पंजे एका विटेवर गोळा करून तो डोंबाऱ्याच्या बकरीसारखा भिंतीवर उभा राहायचा, गल्लीत कोण आहे, कोण नाही याची नीट पाहणी करायचा आणि मगच खाली उतरायचा. आजी बाजेवरून ओरडायची, "काऊन रे बाप्पा, कुत्रं हाय का वांदर!"

वांदरांचंच त्याला वेड. आमच्याकडे काळतोंड्या वानरांची टोळी आठवड्यातून एकदा तरी कवेलूंवरून फेरी मारते आणि निम्मी कवेलू फोडून जाते. भिंतीलगतच्या कडुनिंबावर एक दांडगा हुप्प्या बसायचा आणि शेपूट खाली सोडायचा. मुद्दाम सोडायचा, असं माझं आजही मत आहे. मोत्या खालून उडी मारायचा, शेपूट वितभर वर जायची. मोत्या दमून बसला की शेपूट पुन्हा खाली. असं पंधरा-वीस वेळा. एकदा मोत्याला अक्कल सुचली. तो आधी भिंतीवर चढला आणि तिथून झेपावला. शेपटीचे चार केस तोंडात आले असतील-नसतील, तोच हुप्प्याने खाली उतरून त्याच्या मुस्कटात एक ठेवून दिली. आवाज ओसरीपर्यंत आला. त्यानंतर तीन दिवस मोत्याने झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

मराठी माणसाला ठाऊक असलेली कुत्र्याची सर्वांत मोठी उडी म्हणजे रायगडावरच्या वाघ्याची. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली ही दंतकथा. इतिहासाच्या जाणकारांनी ती अमान्य केली आहे आणि पुढे वाघ्याचा पुतळा हलवण्यावरून, परत बसवण्यावरून मोठा गदारोळही झाला. आम्हाला लहानपणी यातलं काही माहीत नव्हतं. गुरुजींनी गोष्ट सांगितली आणि आम्ही होळीच्या रात्री मोत्याची इमानदारी तपासायला त्याला होळीपुढे नेलं. तो शेपूट घालून जो पळाला तो सकाळी आजीच्या बाजेखाली सापडला.

कुत्र्याला एवढी उडी जमते कशी, हे पुढे गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपल्याला असतं तसं पक्कं जोडलेलं गळपट्टीचं हाड कुत्र्याला नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, त्यामुळे उतरतानाचा दणका ते झेलतात. जोर मात्र सगळा मागच्या पायांचा. उभ्या कुत्र्याचं साठेक टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं, म्हणून वय झालं की चढण्याआधी उतरणं जड जातं. मोत्याचं तेच झालं. 1992 च्या सुमारास तो भिंतीवर चढायचा आणि तिथेच कुंईकुंई करत उभा राहायचा, कोणीतरी उचलून खाली ठेवावं म्हणून. शेवटच्या वर्षी तो फाटकाशी बसू लागला. फाटक उघडलं की बाहेर, नाहीतर नाही.

मग आलं 1994 साल. 'हम आपके हैं कौन' मधल्या टफीने क्रिकेटच्या सामन्यात अंपायरगिरी केली आणि पांढऱ्या केसाळ कुत्र्यांना भाव आला. आपण ज्यांना सरसकट पॉमेरियन म्हणत आलो ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. बहिणीच्या हट्टापायी तसंच एक आमच्याकडे आलं. राणी. भिंत हा विषय तिने पहिल्याच दिवशी ऑप्शनला टाकला. तिची उडी जागच्या जागी. पोळीचा तुकडा दिसला की मागच्या दोन पायांवर गिरक्या, अगदी फुगडी घातल्यासारख्या. संध्याकाळी अंगात वारं शिरलं की ओसरी, अंगण, विहीर, परत ओसरी अशा सुसाट फेऱ्या. मध्येच थांबून पुढचे पाय पसरायचे, ढुंगण वर करायचं आणि आमच्याकडे बघायचं. या आसनाचा अमेरिकेतल्या मार्क बेकॉफ यांनी अभ्यास केला आणि 1995 मध्ये निष्कर्ष मांडला. जिथे चावण्याचा गैरसमज होऊ शकतो तिथे, आधी किंवा नंतर, कुत्री हमखास असं वाकतात. म्हणजे 'खेळतोय हं, राग मानू नका'. राणी हे करायची आणि लगेच बाबांचं धोतर ओढायची. निष्कर्ष बरोबर असावा.

तिचा खरा पराक्रम मे महिन्यातला. पारा 45 च्या वर, खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, आणि एका दुपारी कूलरमधून गार वाऱ्याऐवजी ओल्या कुत्र्याचा वास येऊ लागला. मागची जाळी ढकलून बाईसाहेब टाकीत बसल्या होत्या, नाकापर्यंत पाण्यात. आईने तिला काढलं, जाळीला तार बांधली. दुसऱ्या दिवशी ती रांजणात. तिच्या अंगावर पिसवा झाल्या तेव्हा त्याही उड्या मारत पळायच्या. कुत्र्यावरची पिसू मांजरावरच्या पिसवेपेक्षा उंच उडते, हे फ्रान्समधल्या तीन संशोधकांनी मोजून दाखवलं आणि त्यासाठी त्यांना 2008 चं इग्नोबेल मिळालं. आमच्याकडे कोणी मोजलं नाही. आम्ही कडुनिंबाचा पाला उकळला.

2003 मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग मुलाच्या मागे मागे चालला आणि शेजारच्या काकूंकडे एक पग आला. त्याच्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. तो उंबऱ्यावर चढला तरी काकू टाळ्या वाजवायच्या. चपट्या नाकाचं कुत्रं विदर्भाच्या उन्हात आणणं हा माझ्या मते जुलूम आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंग निववायचं ते धापा टाकून, आणि धाप टाकायला नाकच पुरेसं नाही.

उड्यांचा विक्रम शोधायची हौस मला फोन हातात आल्यावर लागली. 14 सप्टेंबर 2017 रोजी अमेरिकेत फेदर नावाच्या ग्रेहाउंड कुत्रीने 191.7 सेंटिमीटरची आडकाठी पार केली, म्हणजे सहा फुटांहून तीन-साडेतीन इंच जास्तच. आजी असती तर तिने विचारलं असतं, "पलीकडं व्हतं काय?" मोत्याच्या भिंतीपलीकडे निदान गल्ली होती.

तोवर आमची भिंतही साडेतीन फुटांची राहिली नव्हती. गल्लीत चोरी झाली म्हणून 2012 साली आम्ही ती पाच फूट केली आणि माथ्यावर सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचा खोचल्या. तेव्हा घरात कुत्रं नव्हतं, त्यामुळे कोणाच्या मनातही काही आलं नाही.

लॉकडाउनमध्ये, 2020 च्या उन्हाळ्यात, फाटकाखालून एक हाडकुळं पिल्लू आत आलं आणि राहिलं. ठकी. गावठी, तांबूस, दोन्ही कान उभे. वर्षभरात पायांत ताकद आली. एका सकाळी कडुनिंबावर वानरं आली, तिने चार पावलं मागे घेतली आणि मी ओसरीतून ओरडेपर्यंत ती हवेत होती. पाच फूट. पुढचे पंजे माथ्यावर टेकले आणि ती किंचाळून आतच पडली. उजव्या पंजाच्या गादीला चार टाके.

टाके निघायच्या आत मी छिन्नी-हातोडी घेऊन सगळ्या काचा उखडल्या आणि माथ्यावर गिलावा केला. तासा-दीड तासाचं काम. तुमच्याही भिंतीवर अशा काचा असतील तर एखाद्या रविवारी उरकून टाका. चोर त्यांच्यावर पोतं टाकून येतात.