अनेक राज्यांच्या गोंडांचं कचारगड

तुमसर रोडला गाडी धरली की तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा करत दरेकसा येतं. महाराष्ट्रातलं या मार्गावरचं हे शेवटचं स्टेशन. पुढचं बोरतलाव छत्तीसगडात. एरवी इथं उतरतात ते हाजराफॉल धबधब्याचे हौशी. माघ पौर्णिमेच्या सुमाराला मात्र डबेच्या डबे रिकामे होतात, ‘जय सेवा’चा गजर होतो आणि सप्तरंगी झेंडे कचारगडच्या जत्रेसाठी पायथ्याच्या धनेगावच्या वाटेला लागतात. भंडारा जिल्ह्यातल्या करडी-मोहाडीकडच्या गोंडांना हे ठिकाण परजिल्ह्यातलं वाटतच नाही. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर कचारगड भंडाऱ्यातच होतं.

कचारगडच्या डोंगरातल्या प्रचंड गुहेची कथा कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, मानणारे सांगतात ती अशी. कली कंकालीच्या मुलांना शंभूशेकनं इथं कोंडलं आणि गुहेच्या तोंडावर शिळा लावली. हिरासुका पाटालीरनं किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली. मुलं सुटली, वाजवणारा शिळेखाली गेला. पुढं जंगो रायताडनं त्यांना सांभाळलं आणि पारी कुपार लिंगोनं शिकवण देऊन त्यांचे सगे, म्हणजे देवांच्या संख्येवरचे कुळगट, बांधले. कोण चार देवांचा, कोण पाच, सहा, सात. समान देवसंख्येत सोयरीक नाही. मध्य प्रदेशातल्या मंडल्याचा माणूस चंद्रपूरच्या माणसाला भेटला की ‘किती देव?’ एवढ्यावर नातं ठरतं. राज्याची सीमा त्यात कुठं येत नाही.

आज जत्रा दिसते ती मात्र फार जुनी नाही. नागपूरचे गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८० च्या दशकात तिला हे रूप दिलं. पुराणकथेला कॅलेंडरावर जागा मिळाली, असं म्हणू.

राज्याराज्यांत वाटले गेलेले गोंड इथं एकत्र दिसले की तुर्की, इराण, इराक, सीरिया यांत वाटल्या गेलेल्या कुर्दांची आठवण हटकून येते. तीन-चार कोटी लोक, स्वतःचा देश नाही. १९२० च्या सेव्हर तहानं आशा दाखवली, १९२३ च्या लोझानच्या तहानं ती पुसली. २१ मार्चच्या नवरोजला ते डोंगरावर जाळ पेटवतात, जुलमी राजाला मारणाऱ्या कावा लोहाराच्या नावानं. सुटकेची कथा दोघांकडे आहे. पण साम्य ओढूनताणून लांबवू नये. कुर्दांच्या सीमांवर बंदुका आहेत, तुर्कीत कुर्दी बोलण्यावरच बरीच वर्षं बंधनं होती. आपल्याकडे तिकीट काढलं की पुरे. गोंडांची फाळणी फायलींवर झाली: १९५६ नंतर राज्यं भाषेवर आखली गेली, आणि हिंदी, मराठी, तेलुगू, ओडियाच्या वाटणीत गोंडी धरलीच गेली नाही.

या वाटणीचा परिणाम जत्रेच्या लाउडस्पीकरवर ऐकू येतो. तेलंगणातल्या आदिलाबादची गोंडी मंडल्याच्या माणसाला पुरती कळत नाही, म्हणून भाषणं बहुधा हिंदीत. कुर्मांजी आणि सोरानीवाल्या कुर्दांचंही असंच. एकाची लिपी रोमन, दुसऱ्याची अरबी वळणाची. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख भरले, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तिच्याहून कितीतरी कमी बोलणारे असलेल्या बोडोला २००३ मध्ये जागा मिळाली. असं का, हा प्रश्न दिल्लीतल्या कुणालातरी विचारायला हवा, धनेगावला नव्हे.

गुहेपर्यंतचा शेवटचा चढ पायीच आहे. फेब्रुवारीतही दुपारी ऊन चटकतं. पाणी सोबत घ्यावं आणि शक्यतो सकाळी चढावं.