गाडी थांबवली तर शेठ काय म्हणतो?

कळंबोलीत किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात एक चक्कर मारली, की ‘ड्रायव्हर पाहिजे’ असे फलक जागोजागी दिसतात. चालकांची टंचाई खरी आहे. हेवी लायसन्स हातात पडलेल्या मुलाला काम मिळेल का, याची काळजी करायची गरज उरलेली नाही. काळजी करायची ती पहिलं काम कुणाकडे धरायचं याची. घरचे पगार विचारतात, मित्र गाडीचं मॉडेल विचारतात आणि मुलगा ज्याने आधी फोन केला त्याच्याकडे रुजू होतो. पुढची वीस वर्षं तो कसा चालक असेल हे त्या पहिल्या वर्षात ठरतं, आणि तेवढ्याच गोष्टीवर घरात बसून बोलणं होत नाही.

आधी कायद्याची वाट पाहू. मालवाहू वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवायला मोटार वाहन कायद्यानुसार वीस वर्षं पूर्ण लागतात. ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स काढायचं तर हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स किमान वर्षभर जुनं असावं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. मधलं वर्ष मुलांना फुकट गेल्यासारखं वाटतं, पण ते कामी लावता येतं. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असलेलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. म्हणजे विशी ओलांडलेल्या मुलाने ते वर्ष पिकअपवर किंवा छोट्या हत्तीवर काढलं, तर चार पैसेही मिळतात आणि माल लादलेली गाडी हाताखाली कशी वागते याची ओळखही होते.

मग येतं प्रशिक्षण. साध्या ड्रायव्हिंग स्कूलला जड वाहनासाठी केंद्रीय नियमांनी घातलेली किमान अट तीस दिवसांची आहे, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान पंधरा तास. २०२१ च्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या केंद्रांत हाच अभ्यासक्रम सहा आठवड्यांत अडतीस तासांचा आहे, आणि अशा केंद्राकडे सिम्युलेटर व स्वतःचा ट्रॅक असावा लागतो. भोसरीची सीआयआरटी ही १९६७ साली स्थापन झालेली संस्थाही चालकांना प्रशिक्षण देते. ज्याला जमेल त्याने अशा ठिकाणीच शिकावं; दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. पण अडतीस तास झाले तरी मैदानात रिकामा ट्रक वळवणं वेगळं आणि वीस-पंचवीस टन पाठीशी घेऊन कसारा घाट उतरणं वेगळं. खरी शाळा पहिल्या मालकाच्या गाडीवरच भरते.

पूर्वी ही शाळा उस्तादाची असे. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा, टायर ठोकून हवा ओळखायला शिकायचा, ताडपत्री बांधायचा, रस्ते पाठ करायचा आणि कधीतरी रात्री रिकाम्या हायवेवर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचा. या पद्धतीत मोठी ताकद होती हे मी मान्य करतो. वर्षानुवर्षं शेजारी बसून जे डोळ्यांत मुरतं ते सिम्युलेटर देत नाही. पण रात्रीचं ते स्टिअरिंग बेकायदाच होतं आणि आहे. शिकाऊ लायसन्स, शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा आणि गाडीवर ‘एल’ची पाटी, यांतलं काहीच नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. जो शेठ म्हणतो, “लायसन्सचं नंतर बघू, आधी गाडीवर बस,” त्याच्या दारातून परत फिरावं. जो म्हणतो, “पहिले दोन-तीन महिने जुन्या ड्रायव्हरबरोबर सेकंड म्हणून जा, पगार चालू राहील,” त्याच्याकडे बसून बोलावं.

उस्ताद चांगला की वाईट हे घाटात कळतं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या चालकांचा नियम आहे आणि तो शंभर टक्के शास्त्रीय आहे. जड गाडी उतारावर इंजिनाने रोखायची असते. ब्रेक फक्त मदतीला. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पकड सुटते. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, त्यामुळे पॅडल दाबाल तशी टाकीतली हवा कमी होत जाते आणि स्टिअरिंगही जड होतं. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठीच बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने सुमारे ४८ वाहनांचं नुकसान केलं, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं.

उतारावर इंजिन बंद का करावं वाटतं? डिझेलसाठी. अनेक ठिकाणी मालक अ‍ॅव्हरेज ठरवून देतो: इतक्या लिटरमध्ये इतके किलोमीटर, वाचलं ते तुझं, जास्त लागलं ते पगारातून. आकडा वाजवी असेल तर यात गैर काही नाही. आकडा इतका ताणलेला असेल की न्यूट्रल मारल्याशिवाय गाठताच येत नाही, तर तो मालक पोराला उतारावर मरायला शिकवतो आहे, असंच मी म्हणेन. म्हणून अ‍ॅव्हरेज किती धरता आणि कमी पडलं तर कापता का, हे रुजू होण्याआधी विचारायचं.

तासांचंही तसंच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. रस्त्यावर ती किती पाळली जाते हे कुठल्याही ढाब्यावर कळेल. पगार ट्रिपवर असेल तर चालक स्वतःच झोप मोडून ट्रिपा वाढवतो. नवख्याने निदान पहिलं वर्ष महिन्याच्या बांधील पगारावर आणि वेगळ्या भत्त्यावर काढावं, रक्कम थोडी कमी असली तरी. आणि एक प्रश्न ऑफिसात न विचारता काट्यावर रांगेत उभ्या असलेल्या त्याच कंपनीच्या चालकांना विचारावा: रात्री दोन वाजता झोप अनावर झाली आणि गाडी बाजूला घेतली, तर शेठ फोनवर काय म्हणतो? ट्रक थांबल्याचं जीपीएसवर त्याला लगेच दिसतं. “झोप काढ, सकाळी निघ” म्हणणारे मालक आहेत. त्यांची नावं चालकांना पाठ असतात.

मालावरही बरंच ठरतं. नारायणगावचा टोमॅटो पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोहोचवायचा असतो. ती शर्यत नवख्याची नाही. न्हावा शेवाचे कंटेनर म्हणजे ट्रेलर, मागे घेताना अनुभवी माणसालाही घाम फुटतो आणि वाट पाहण्यात तासन् तास जातात. टँकरला पगार बरा, पण धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ती नंतरची पायरी. माझ्या मते सुरुवात ठरलेल्या मार्गावरच्या सहाचाकीवर करावी. चाकण-भिवंडी, पुणे-कोल्हापूर असं काही. तोच रस्ता, तीच वळणं, आठवड्यातून घरची दोन जेवणं.

ओव्हरलोडबद्दल स्पष्ट विचारावं. कलम १९४ नुसार मंजूर वजनाच्या वर माल असेल तर दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. हे कलम गाडी चालवणाऱ्यालाही लागू होतं. “दंड आम्ही भरतो” एवढं उत्तर पुरेसं नाही, कारण जास्त वजनाने लांबलेलं ब्रेकिंगचं अंतर मालक भरून देत नाही.

काही गोष्टी न विचारताच कळतात. आवारात उभ्या गाड्यांचे नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकले की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. ज्याच्या दोन-चार गाड्यांचा फिटनेस संपलेला, त्याच्या कचेरीत चहा घ्यायचीही गरज नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावतील, त्यामुळे केबिनमध्ये झोपायला धड जागा आहे का ते चढून पाहावं.

शेवटचं पैशाचं. उसाच्या फडावर उचल काय करते हे मराठवाड्यातल्या घरांना सांगायला नको. गाडीवरही तसाच अ‍ॅडव्हान्स पुढे केला जातो, आणि तो फिटेपर्यंत गाडी सोडता येत नाही. तो घेऊ नये. मूळ लायसन्स मालकाच्या कपाटात ठेवायला देऊ नये. नोंदीसाठी प्रत पुरते. मालात तूट आली, टायर फुटला तर किती आणि कुणाकडून कापणार, हे लिहून घ्यावं. पगार बँकेत जमा होतो का, पीएफ आहे का, गाडीच्या विम्यात पगारी चालकाचा समावेश आहे का, हे बापाने किंवा मोठ्या भावाने सोबत जाऊन विचारलं तरी चालेल. वर्ष पूर्ण झालं की कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मागून घ्यावं. टँकरच्या आणि मोठ्या पार्सल कंपन्यांच्या दारात पुढे तेच पत्र दाखवायचं असतं.