बोअरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही?

लातूरसारख्या शहरात नळ कोरडा पडला की बोअर सुरू होते, आणि धरणाच्या पाण्यात चटकन मऊ होणारी तूरडाळ कुकरमध्येही आख्खी राहते. पाणी तर नितळ दिसतं!

पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मग बेसाल्ट खडकाच्या भेगांत मुक्काम करून कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं, म्हणजेच ‘जड’ होतं. डाळीच्या पेशी पेक्टिनने जोडलेल्या असतात, विटांमधल्या सिमेंटसारख्या. शिजताना ते पेक्टिन सुटायला हवं; कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतं. साबणालाही ते असंच धरतं, म्हणून फेसाऐवजी चिकट साका येतो.

पाणी उकळलं की यातले काही क्षार पांढरा थर होऊन बसतात, गिझरच्या कॉइलवरही. भारतीय मानकानुसार लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर 600.

जडपणा त्रासदायक, पण फारसा घातक नाही. मला जास्त काळजी वाटते ती बोअरच्या पाण्यात असू शकणाऱ्या नायट्रेटची. ते दिसत नाही, उकळून जात नाही आणि तान्ह्या बाळांना धोक्याचं असतं. घरात बाळ असेल तर बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्याच.