देवमासा हवेतच श्वास घेतो, मग किनाऱ्यावर तो का मरतो?

नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत अडकलं. लांबी सुमारे 20 फूट, वजन काही टन. त्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले. वन विभाग, तटरक्षक दल आणि स्थानिकांनी दीड-दोन दिवस झटून त्याला खोल पाण्यात सोडलं. पण ते पुन्हा किनाऱ्याकडे आलं आणि मेलं.

देवमासा हा मासा नाही. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. डोक्यावरच्या श्वासछिद्रातून तो हवा घेतो. मग हवा भरपूर असलेल्या जागी तो का वाचत नाही?

स्वतःच्याच वजनाखाली

वाशीमपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथल्या कुठल्याही गोठ्यात मिळेल. आजारी म्हैस खाली बसली आणि उठेनाशी झाली, की शेतकरी तिला दर थोड्या वेळाने दुसऱ्या कुशीवर वळवतात. तसं केलं नाही तर अंगाखाली दबलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते मरू लागतात. मग जनावर बरं झालं तरी उभं राहू शकत नाही.

देवमाशाचं तेच होतं, फक्त कित्येक पटींनी. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं, वाळूवर ते त्याच्याच छातीवर येतं. फुप्फुसं पुरती फुलत नाहीत. चिरडलेल्या स्नायूंमधून सुटणारी द्रव्यं रक्तात मिसळून मूत्रपिंडं निकामी करतात. म्हणूनच पाण्यात परत सोडलेला, वरून ठीक दिसणारा प्राणीही नंतर दगावू शकतो.

गोठ्याची तुलना ओढूनताणून केलेली नाही. देवमासे खुरांच्या प्राण्यांचेच वंशज आहेत. पाणघोडा हा त्यांचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग, गायी-म्हशी जरा लांबच्या. त्यांच्या पूर्वजांशी नातं सांगणाऱ्या ‘इंडोहायस’ या मांजराएवढ्या, खुरं असलेल्या प्राण्याचे सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागात सापडले आहेत.

उन्हात रजई पांघरून

दुसरा धोका उष्णतेचा. देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. पाण्यात तो ऊब धरून ठेवतो, कोकणातल्या उन्हात मात्र तोच जीव घेतो. भरती आली आणि श्वासछिद्र पाण्याखाली गेलं, तर एका कुशीवर पडलेला देवमासा चक्क बुडून मरतो.

सीलचं तसं नाही. भारताच्या किनाऱ्यावर सील राहत नाहीत, पण जिथे राहतात तिथे पिल्लांना जन्म द्यायला आणि केस गाळायला ते जमिनीवर किंवा बर्फावर येतात. देवमाशांनी मात्र मागचे पायच गमावले. त्यांची पिल्लं पाण्यातच जन्मतात.

पिल्लाचं काय?

जून 2015 मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला 42 फुटी निळा देवमासा जिवंत वाहून आला होता. तोही वाचला नाही. पिल्लासाठी तर समुद्रात परतणंही पुरेसं नसतं. निळ्या देवमाशाचं पिल्लू सहा-सात महिने आईच्या दुधावर जगतं, त्या दुधात 35 ते 40 टक्के चरबी असते आणि वजन दिवसाला 90 किलोच्या आसपास वाढतं. आई सापडली नाही, तर हे दूध दुसरं कुणी देऊ शकत नाही.

किनाऱ्यावर असा प्राणी दिसला तर शेपटीला दोर बांधून ओढू नये, मणके निखळू शकतात. अंगावर ओलं कापड टाकावं, पण श्वासछिद्र मोकळं ठेवावं. गर्दी आणि सेल्फी लांबच बऱ्या. सगळ्यात आधी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा.