रायबागन : माहूरची सून, मोगलांची सरदार

(उमरखेड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, पैनगंगा ओलांडली की माहूर. रेणुकेच्या दर्शनाला आपण सगळेच जाऊन आलेलो आहोत. पण त्याच माहूरच्या एका बाईविषयी आपण क्वचितच बोलतो. शिवचरित्रात ती एका प्रसंगापुरती येते आणि जाते. तिला आपण 'रायबागन' म्हणतो.

आता बघा, हे तिचं नाव नव्हेच. तो मोगल दरबारचा किताब आहे. राय म्हणजे राजा आणि बागन म्हणजे वाघीण. मूळ नाव सावित्रीबाई, असं परंपरा सांगते.

लग्न होऊन ती आली राजे उदारामांच्या घराण्यात. उदाराम हे ब्राह्मण सरदार. आधी मलिक अंबरच्या बाजूने होते, जहांगीर बादशहाच्या काळात मोगलांकडे गेले आणि मनसबदार झाले. माहूरचा मुलूख त्यांच्याकडे होता. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात 'माहूर सरकार' नावाचा विभाग होता. सरकार म्हणजे साधारण आजचा जिल्हा समजा. आपलं उमरखेड त्याच सरकारात. म्हणजे ही गोष्ट परक्या मुलखातली नाही.

पुढे घरातले कर्ते पुरुष गेले. इथे एक मुद्दा लक्षात घ्या. मोगलांची मनसब ही घराची मालमत्ता नसे. ती बादशहाच्या मर्जीवर आणि चाकरीवर चाले. चाकरी थांबली की जहागीर कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून ही बाई घोड्यावर बसली ती हौसेने नव्हे. घर, माणसं आणि मुलूख टिकवायचा तर तिला फौजेसह हजर राहणं भाग होतं.

१६६१ च्या फेब्रुवारीत ती कारतलबखानाच्या फौजेत होती. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाइस्तेखानाने त्याला कोकणात पाठवलं होतं. (नावं सारखी वाटली तरी उंबरखिंड आपल्या उमरखेडजवळ नाही, ती आजच्या रायगड जिल्ह्यात आहे.) खान कुरवंडे घाटाने खाली उतरला. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दाट रान, पाण्याची टंचाई. महाराजांचे लोक आधीच दबा धरून बसलेले. फौजेला पुढे सरकता येईना, मागेही फिरता येईना.

तेव्हा खानाने रायबागनला विचारलं. तिने खरं तेच सांगितलं. तिच्या बोलण्याचा आशय असा : सिंहाच्या रानात फौज आणलीस, हीच चूक झाली. अजून जीव शाबूत आहे तोवर शरण जा आणि सगळ्यांना वाचव. खानाने ऐकलं, सामान आणि खंडणी दिली, आणि फौजेला जिवंत परतायची वाट मिळाली.

हा सल्ला आपल्याला कुठे वाचायला मिळतो? महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात. ती शत्रूच्या बाजूची, तरी तिच्या तोंडी शहाणपणाचं बोलणं घालायला कवीला संकोच वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

त्याच फौजेत कोकाटे होते, जाधव होते, गाढे होते. चाकरी कुणाची करायची हा त्या काळी पोटाचा आणि वतनाचा प्रश्न होता. महाराजांचा विजय मोठाच. त्याने तिची समज लहान होत नाही. पुढच्या वेळी माहूरला जाल, तेव्हा या सुनेचीही आठवण काढा.