परदेशातल्या हंगामाचा व्हिसा

हंगामी शेतकामाचा व्हिसा म्हणजे ठरावीक महिने, ठरावीक काम करून परत जाण्याच्या अटीवर मिळालेली परवानगी. त्याची सुरुवात मजुराच्या अर्जाने होत नाही, मालकाच्या मागणीने होते. परदेशातला बागायतदार, किंवा त्याच्यासाठी माणसे आणणारी मान्यताप्राप्त संस्था, आधी तिथल्या व्यवस्थेनुसार जागा मंजूर करून घेते. त्या मंजुरीचा कागद हाती आल्यावरच मजुराला व्हिसासाठी अर्ज करता येतो. नांदेड-लातूरकडे कुणी ‘आधी पैसे भरा, व्हिसा काढतो, मालक तिथे गेल्यावर बघू’ असे सांगत असेल, तर तो विकत असलेला माल जगात कुठे मिळत नाही.

हंगामासाठी गाव सोडणे मराठवाड्याला नवे नाही. दसरा-दिवाळी उलटली की मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या कोरडवाहू पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याच्याशी बांधला जातो. परदेशी शेतकामात हा व्यवहार बहुतेक वेळा उलटा होतो. इथे उचल मजूरच देतो, एजंटाला, आणि तीही जमीन किंवा दागिने गहाण टाकून. मुकादमाची उचल हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षीच्या हिशोबात जाते. व्हिसाला मात्र पुढच्या वर्षाची हमी नसते.

दुसरा फरक पंचांगाचा. ऊसतोड चालते ती खरीप घरात आल्यावर, म्हणून दोन-तीन एकरवाल्याला आपले सोयाबीन काढून फडावर जाता येते. युरोपातला हंगाम नेमका उलट. ब्रिटनमधली स्ट्रॉबेरी उन्हाळ्यात येते, उत्तर इटलीतली सफरचंदे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत उतरवतात. म्हणजे लातूरच्या शेतकऱ्याने पेरणी-काढणी दुसऱ्याच्या भरवशावर टाकायची. आपल्या रिकाम्या महिन्यांशी जुळतो तो दक्षिण गोलार्धातला हंगाम. पण ऑस्ट्रेलियाची हंगामी मजूर योजना पॅसिफिक बेटे आणि पूर्व तिमोर यांच्यापुरती आहे, आणि न्यूझीलंडची योजनाही मुख्यतः पॅसिफिक देशांसाठीच आहे. कॅनडाची सुप्रसिद्ध हंगामी शेतमजूर योजना मेक्सिको आणि कॅरिबियन देशांची. तिच्या नावाने भारतात जागा विकणाऱ्याला ओळखायला एवढी माहिती पुरे.

भारतीयांना खुले असलेले ठळक मार्ग दोन. ब्रिटनचा हंगामी कामगार व्हिसा फळबागा आणि भाजीपाल्यासाठी एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो. नाताळआधीच्या कोंबडी-टर्की प्रक्रियेसाठीही थोडा काळ मिळतो. इथे शेतकरी थेट बोलावू शकत नाही. सरकारने नेमलेल्या मोजक्या संस्थाच प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देतात. अर्जदाराच्या खात्यात 28 दिवस 1,270 पौंड असावे लागतात, किंवा संस्थेने त्याची हमी घ्यावी लागते. वय 18 पूर्ण हवे. बायको-मुले नेता येत नाहीत, त्यामुळे कोयत्याचा हिशोब तिथे चालत नाही. आठवड्याला किमान 32 तासांचा पगार देणे बंधनकारक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून शुल्क घेणे ब्रिटिश कायद्याला मान्य नाही. व्हिसाची फी आणि विमानाचे भाडे मात्र खिशातूनच जाते.

इटलीचा मार्ग मोठा आहे आणि निसरडाही. तिथले सरकार दरवर्षी परदेशी कामगारांचा कोटा जाहीर करते. 2023 ते 2025 या तीन वर्षांसाठी तो सगळ्या प्रकारच्या कामांचा मिळून 4,52,000 होता. हंगामी शेतकामाच्या यादीत भारत आहे, आणि 2 नोव्हेंबर 2023 रोजी भारत-इटली स्थलांतर करारही झाला. ठरलेल्या दिवशी संकेतस्थळ उघडते, मालक अर्ज टाकतात आणि कोटा पाहता पाहता संपतो. मंजूर अर्जावर ‘नुल्ला ओस्ता’, म्हणजे हरकत नसल्याचा दाखला निघतो. तो घेऊन व्हिसा मिळतो, आणि पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत मालकाबरोबर करारावर सही करावी लागते. मुदत जास्तीत जास्त नऊ महिने.

खोच त्या सहीत आहे. जून 2024 मध्ये पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांनीच सांगितले की कांपानिया प्रांतातून तिथल्या शेतीच्या मानाने प्रमाणाबाहेर अर्ज आले आणि आलेल्यांपैकी फार थोड्यांनी करार केले. दाखला खरा, व्हिसा खरा, पण सही करायला मालकच हजर नाही, अशा माणसाची कायदेशीर वाट तिथेच संपते. मग तो ‘कापोराले’च्या हाती लागतो. हा तिथला मुकादम. त्याच्याविरुद्ध इटलीने 2016 मध्ये खास कायदा केला. तरीही जून 2024 मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात यंत्रात हात तुटलेल्या एका भारतीय शेतमजुराला दवाखान्यात न नेता घरापाशी टाकून दिले गेले आणि तो दगावला. त्याच्याकडे कामाची कायदेशीर कागदपत्रे नव्हती.

जपानचा कुशल कामगार व्हिसा शेतीलाही लागू आहे, पण त्यासाठी जपानी भाषेची आणि शेतकामाची अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. तो एकूण पाच वर्षांपर्यंतचा, म्हणून हंगामी म्हणण्यापेक्षा नोकरीच्या जवळचा.

भारताच्या बाजूने 1983 चा उत्प्रवासन कायदा लागू होतो. परदेशी मालकासाठी मजूर भरती करणाऱ्याने परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असावी लागते. तो मजुराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच शुल्क घेऊ शकतो, तेही पावतीसह. गावोगाव फिरणारा उपएजंट कायद्यात बसत नाही. नोंदणी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते आणि शंका असल्यास 1800 11 3090 हा सरकारी क्रमांक आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे तपासणीचा शेरा असतो. आखातातल्या देशांसह 18 देशांत कामाला जाण्यापूर्वी त्याला मुंबई, हैदराबाद अशा ठिकाणच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. देगलूर-बिलोलीला लागूनच्या निजामाबाद भागातून आखातात जाणाऱ्यांना हा शेरा चांगला परिचित आहे. इटली आणि ब्रिटन त्या 18 देशांत नाहीत. तिकडे जाणाऱ्याचा करार निघण्यापूर्वी कोणी सरकारी अधिकारी वाचत नाही, तो स्वतःच वाचावा लागतो: मालकाचे नाव, शेताचा पत्ता, तासाचा दर, राहण्याचे भाडे पगारातून किती कापणार.

मुदत संपल्यावर परतणे हीसुद्धा व्हिसाचीच अट आहे. वेळेवर परतलेल्याला इटलीत त्याच मालकाकडे पुढच्या हंगामासाठी प्राधान्य मिळते. थांबून राहिलेल्याचे ते जाते.